ठशातलं अस्वल, सोनेवानीतलं अस्वल

शाळेच्या भिंतीसाठी प्राण्यांचा रंगीत तक्ता बाजारात मिळतो. तो लावून मोकळं होता येतं. पण बालाघाट जिल्ह्यातल्या लालबर्रा तहसिलीतल्या एखाद्या शाळेने, वाचनालयाने किंवा युवक मंडळाने याहून जरा जास्त मेहनत घ्यायची ठरवली, तर एक काम सुचवतो. दीडशे, दोनशे, पाचशे वर्षांपूर्वी लाकडावर, तांब्यावर किंवा दगडावर काढून छापलेली, आपल्याच जंगलातल्या जनावरांची चित्रं शोधायची, नीट तपासायची, त्यांतलं काय खरं नि काय खोटं हे गावातल्या माणसांकडून पारखून घ्यायचं आणि मग ती भिंतीवर लावायची.

गावातल्या माणसांकडून का, तर त्या चित्रकारांपैकी पुष्कळांनी ते जनावर जिवंत पाहिलेलंच नव्हतं. लालबर्ऱ्यातल्या ढोरक्याने, तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाईने, बीटवरच्या नाकेदाराने ते पाहिलेलं असतं. लंडन-पॅरिसच्या विद्वानाकडे ग्रंथालय होतं, यांच्याकडे डोळे आहेत. खाली जे सांगतो आहे ते सगळं या भरवशावर.

आधी जनावर, मग पुस्तक

इंटरनेटवर 'जुनी प्राणिचित्रं' शोधायला बसलात तर जिराफ, देवमासे आणि एकशिंगी घोडे यांतच संध्याकाळ होईल. म्हणून सुरुवात यादीपासून करा. इथल्या सोनेवानीच्या जंगलात आणि आसपासच्या शेतशिवारात लोकांनी खरोखर पाहिलेली सात-आठ जनावरं निवडा: वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रा, गवा, नीलगाय, सांबर, चितळ. बारशिंगा इथल्या शिवारात दिसत नाही, पण बालाघाट-मंडला जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हाची ती ओळख आहे, म्हणून तो घ्यायला हरकत नाही. यादी छोटी ठेवा. आठ चित्रं नीट तपासली गेली, तर चाळीस नुसती टांगण्यापेक्षा बरं.

मग पुस्तक. आपल्या भागासाठी पहिलं नाव रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेलचं. हा माणूस १८५६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी हिंदुस्थानात आला आणि नोकरीच्या निमित्ताने शेजारच्या सिवनीत राहिला. 'सिओनी' हे त्याचं सातपुड्यातल्या छावणीजीवनाचं पुस्तक १८७७ चं. त्याहून आपल्या कामाचं म्हणजे १८८४ साली कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक कंपनीने काढलेलं 'हिंदुस्थान आणि सिलोनमधले सस्तन प्राणी'. त्याच्या शीर्षकपानावरच १७० चित्रांचा उल्लेख आहे: काही स्वतः लेखकाची, काही टी. डब्ल्यू. वुड नावाच्या चित्रकाराची, उरलेली इतरांची. स्टर्नडेल पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत आला आणि १८८६ साली सुरू झालेल्या तिच्या नियतकालिकाचा ई. एच. एटकिन यांच्याबरोबर संपादक झाला. सांगायचं ते इतकंच, की हा चित्रकार सिवनीच्या रानात हिंडलेला होता. बाकीच्यांची परीक्षा घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

हे पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतं. इतर जुन्या ग्रंथांसाठी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आणि इंटरनेट अर्काइव्ह ही दोन संकेतस्थळं पुरतात. घरी नेट धड चालत नसेल तर एमपी ऑनलाइनच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन बसा. शोधताना दोन अडचणी येतात. पहिली गावांच्या नावांची. बालाघाट जिल्हाच मुळी १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून झाला, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांत 'बालाघाट' शोधून फारसं हाती लागत नाही. सिवनी, मंडला, भंडारा, नागपूर असं शोधा, आणि तेही जुन्या इंग्रजी स्पेलिंगने: सिवनीच्या शेवटी दोन 'ई', नागपूरच्या शेवटी 'पोर'. दुसरी अडचण शास्त्रीय नावांची. आज नीलगाय बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत ती पोर्टॅक्स पिक्टस म्हणून सापडते. अस्वल आज मेलर्सस अर्सायनस, तेव्हा उर्सस लॅबिएटस. वाघ तेव्हा फेलिस होता, आता पँथेरा झाला. रानकुत्र्याला कर्नल साइक्सने १८३१ साली दख्खनच्या प्राण्यांची यादी करताना 'कॅनिस दख्खुनेन्सिस' असं बारसं केलं होतं. आजचं नाव टाकून काही आलं नाही म्हणजे चित्र नाही, असं समजू नका.

चित्र मिळालं की फक्त जनावर कापून ठेवू नका. ही चूक सगळेच करतात. पूर्ण पान उतरवून घ्या, त्याआधीचं नि नंतरचं पानही घ्या, आणि ग्रंथाचं शीर्षकपान घ्याच. पुढे वर्ष, कोरणारा, आवृत्ती असा कुठलाही प्रश्न निघाला की उत्तर त्या तीन-चार पानांतच असतं.

लाकूड, तांबं की दगड

चित्र कशावर काढून छापलं हे ओळखलं की काळ आणि खर्च दोन्हींचा अंदाज येतो, आणि चित्रकाराच्या हाताला काय जमणं शक्य होतं हेही कळतं. पडद्यावर चित्र शक्य तितकं मोठं करा. प्रत्यक्ष कागद असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या.

रेषा जाड, थोडक्या आणि काळ्या असतील, बारीक छटा जवळपास नसेल, तर तो फळीच्या लांबीवर चाकूने कोरलेला लाकडी ठसा. सोळाव्या शतकातली बहुतेक जनावरं अशीच छापली आहेत. त्यात रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं असतं. उंच राहिलेल्या भागाला शाई लागते.

तांब्याचा मामला उलटा. तिथे टोकदार कोरणी नांगराच्या फाळासारखी पुढे रेटत पत्र्यात तास पाडायचे, तासांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसायचा आणि ओला कागद दाबून ती शाई वर खेचायची. म्हणून तांब्यावरची रेष सुरू होताना बारीक, मधे फुगलेली आणि शेवटी पुन्हा निमुळती. आडव्या-तिरप्या रेषांच्या जाळीने सावली केलेली असते. कागदावर चित्राभोवती चौकोनी दाबाची खूण उमटते; स्कॅनमध्येही ती पुष्कळदा दिसते. ही छपाई अक्षरांच्या छपाईपेक्षा वेगळी, त्यामुळे चित्र वेगळ्या पानावर असतं. पत्रा आम्लाने खाल्लेला असेल तर रेषेची टोकं निमुळती न होता बोथट राहतात.

अठराव्या शतकाच्या शेवटी न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइकने लाकडाला पुन्हा वर आणलं. त्याने फळी सोडली आणि बॉक्सवुड नावाच्या घट्ट लाकडाचा आडवा छेद घेतला. त्यावर तांबं कोरायची कोरणी चालते आणि केसाएवढी पांढरी रेष काढता येते. त्याचं 'चतुष्पादांचा इतिहास' १७९० चं. असं चित्र काळ्यातून पांढरं काढल्यासारखं दिसतं आणि मजकुराच्या मधोमध, अक्षरांबरोबरच छापलेलं असतं. झाड बारीक, म्हणून ठसेही छोटे; मोठ्या चित्रासाठी ते जोडावे लागत. चित्रातून एक सरळ पांढरी चीर उभी गेलेली दिसली तर तो जोड उघडा पडला असं समजा.

दगडावरची म्हणजे शिळाप्रेसची चित्रं आपल्याकडच्या वाचकाला नवी नाहीत. जुन्या पोथ्या तशाच छापल्या गेल्या. प्राणिचित्रांत तिची खूण म्हणजे खडूची रवाळ छटा आणि दाबाच्या चौकोनाचा अभाव. जनरल हार्डविकच्या संग्रहातून १८३० ते १८३४ मध्ये निघालेली हिंदुस्थानी प्राण्यांची चित्रं शिळाप्रेसवरची, वर हाताने रंग भरलेली. आणि भिंगाखाली ओळीने ठिपकेच ठिपके दिसले तर चर्चा संपली: ती फोटोवरून केलेली नंतरची नक्कल आहे.

रंगाबद्दल एक सावधगिरी. हाताने भरलेला रंग रेषेबाहेर सांडतो, कुठे दाट, कुठे पातळ असतो. पण बाजारात खपावं म्हणून जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रांवर आज रंग चढवणारेही आहेत. त्यामुळे नीलगायीचा निळा रंग हा अठराव्या शतकाचा पुरावा मानण्याआधी त्याच पुस्तकाची दुसरी प्रत पाहा.

चित्राखालची बारीक ओळ

तांब्याच्या किंवा दगडाच्या चित्राखाली डाव्या-उजव्या कोपऱ्यांत मुंगीएवढ्या अक्षरांत दोन नावं असतात. नावापुढे 'डेल.' असेल तर तो रेखाटणारा, 'पिंक्स.' म्हणजे रंगवणारा, 'स्कल्प.' किंवा नुसतं 'एस्सी.' म्हणजे कोरणारा, 'लिथ.' म्हणजे दगडावर उतरवणारा. सहसा डावीकडे रेखाटणारा, उजवीकडे कोरणारा. ही दोन माणसं बहुधा वेगळी असत आणि कित्येकदा वेगवेगळ्या खंडांत राहत. जेम्स फोर्ब्ज १७६६ साली मुंबईला आला, पुढे भडोच-डभईपर्यंत राहिला आणि झाडं-पाखरं समोर ठेवून चित्रं काढत गेला. 'ओरिएंटल मेमॉयर्स'चे चार खंड मात्र लंडनला १८१३ साली निघाले. मधे कोरणाऱ्याचा हात आला. पंख बरोबर आणि मागचं झाड भलतंच असं दिसलं तर कोणाला दोष द्यायचा हे त्या दोन नावांवरून ठरतं.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा. ठसा कागदावर उलटा उमटतो. कोरणाऱ्याने समोरचं चित्र आरशात पाहून कोरलं नाही तर डावं उजवं होतं. वाघाच्या चित्रात हे कळणार नाही, शंख-गोगलगायीच्या चित्रात लगेच कळतं. धानाच्या बांधीतून गोगलगायीचा एक रिकामा शंख आणा, टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजव्या हाताला येईल. बहुतेक शंख असेच वळतात. छापील चित्रात ते डावीकडे असेल तर चित्र उलटं आलं आहे. रेम्ब्रांटसारख्यानेही १६५० साली शंखाचं चित्र असंच उलटं छापलं. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, आणि तो फुकट आहे.

कोणी पाहिलं होतं?

सगळ्या पायऱ्यांत ही मोठी, म्हणून इथे थांबू.

प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारा: काढणाऱ्यासमोर काय होतं? जिवंत जनावर, मेलेलं जनावर, नुसतं कातडं, दुसऱ्याने काढलेलं चित्र, की नुसतं ऐकीव वर्णन? उत्तर ग्रंथाच्या मजकुरात मिळतं, नाही तर चित्रातच मिळतं.

ऐकीव वर्णनाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरून निघालं. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढवला. २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. न्युरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो कधीच पाहिला नाही. लिस्बनहून आलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांवरून त्याने त्याच वर्षी लाकडी ठसा केला. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले आणि मानेमागे खांद्यावर एक जादा पिळदार शिंग! चित्रावर छापलेल्या मजकुरात तर साल १५१३ पडलं आहे, म्हणजे गेंडा येण्याआधीच आला. बिचारा गेंडा पुढच्याच वर्षी, पोपकडे नजराणा म्हणून जाताना, जहाज फुटून इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाला. त्याचं चित्र मात्र तरलं. कॉनराड गेस्नरने १५५१ च्या प्राणिग्रंथात तेच घेतलं, त्याच्यावरून इतरांनी घेतलं, आणि खांद्यावरचं शिंग दोनशे वर्षं पुस्तकांतून फिरत राहिलं. क्लारा नावाची हिंदुस्थानातली गेंड्याची मादी १७४१ पासून युरोपभर फिरवली गेली, लोकांनी ती डोळ्यांनी पाहिली, तेव्हा कुठे ते गळलं. यान वांडेलारने तिला आल्बिनसच्या १७४७ च्या शरीररचनेच्या ग्रंथात कोरलं, चित्रकार उद्रीने १७४९ साली रंगवलं आणि फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँच्या ग्रंथातला गेंडा त्यावरून आला.

म्हणून नियम असा: चित्र कितीही जुनं आणि देखणं असो, त्याच्या आधीचं चित्र शोधा. दोन पुस्तकांतली जनावरं एकाच बाजूला तोंड करून, तोच पाय उचलून उभी असतील, किंवा एक दुसऱ्याची आरशातली आवृत्ती असेल, तर ते दोन साक्षीदार नाहीत, एकच आहे. ब्यूइकचं पुस्तक यासाठी उत्तम सराव देतं. त्याच्या गावाकडच्या गाई, कुत्री, मेंढ्या चालू लागतील असं वाटतं. परदेशी जनावरं त्याने पुष्कळशी ब्यूफाँच्या चित्रांवरून घेतली आणि ती ताठ झाली. आणि खुद्द ब्यूफाँच्या ग्रंथात जाक द सेव्हने काढलेली जनावरं रोमन खांबांच्या भग्नावशेषांपुढे उभी! मला ती चित्रं आवडतात, पण सांबराला खांबांचं काय काम हा प्रश्न मुलांनी विचारलाच पाहिजे.

नुसत्या नखा-दातांवरून फसगत कशी होते याचं उदाहरण सोनेवानीत रोज हिंडतं. आपलं अस्वल. लांब वाकडी नखं, झिपरे केस, वरचे पुढचे दोन दात नसलेले. लंडनच्या जॉर्ज शॉने १७९१ साली त्याचं वर्णन केलं तेव्हा नखं आणि दात पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या कुळात घातलं आणि नाव दिलं ब्रॅडिपस अर्सायनस, म्हणजे अस्वलासारखा स्लॉथ. चूक लवकरच लक्षात आली, पण नावाचा दुसरा अर्धा भाग आजही शॉचाच आहे आणि इंग्रजीत ते अजून 'स्लॉथ बेअर'. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला गेलेल्या कुठल्याही माणसाला हा प्राणी झाडाला लोंबकळत संथ जगतो असं सांगून पाहा.

चांगलं उदाहरणही देतो, नाही तर सगळे जुने चित्रकार भोंदू होते असं वाटेल. नीलगायी इंग्लंडात जिवंत पोचल्या होत्या. डॉ. विल्यम हंटरने त्या आपल्याकडे ठेवून पाहिल्या, जॉर्ज स्टब्जकडून चित्र काढून घेतलं आणि १७७१ साली रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये कोरीव चित्रासह लेख दिला. स्टब्ज हा घोड्यांची शरीररचना स्वतः फाडून शिकलेला माणूस. त्याच्या नराच्या गळ्याखालचा केसांचा झुबका, खुरांवरचे पांढरे पट्टे, पाठीचा मागे उतरत गेलेला ढाळ पाहा आणि रब्बीत शिवारात घुसणाऱ्या रोह्याशी ताडून पाहा. लालबर्ऱ्याचा शेतकरी त्या चित्राला ओळख पटल्याचा शिव्यांसकट दाखला देईल.

साक्षीदाराकडे जाणं

आता चित्रांच्या प्रती घेऊन गावात जा. कसं विचारायचं यावर सगळं अवलंबून आहे.

खालचं नाव कागदाच्या पट्टीने झाका. 'बाबाजी, हे अस्वल आहे ना?' असं विचारलंत तर उत्तर 'हो' येईल; मोठ्या माणसांना मास्तरचं मन मोडवत नाही. 'हे काय आहे, कुठे पाहिलं होतं?' असं विचारा आणि गप्प बसा. एकेकाला वेगळं दाखवा. चावडीवर दहा जणांत दाखवलं तर सगळ्यात मोठ्या आवाजाचं मत सगळ्यांचं होतं. चित्रावर बोट ठेवून चूक दाखवायला सांगा, त्या जागी पेन्सिलने आकडा घाला आणि माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहा, पोवारी असोत, गोंडी असोत, मराठी की हिंदी. जनावराचं स्थानिक नाव आवर्जून लिहून घ्या. स्टर्नडेलनेही पुष्कळ प्राण्यांपुढे हिंदी, मराठी, गोंडी अशी देशी नावं नोंदवली आहेत, त्यामुळे त्याची यादी आणि तुमची यादी शेजारी ठेवता येते.

मात्र साक्षीदाराचीही उलटतपासणी हवी. त्याने पाहिलेली नीलगाय मादी असेल तर ती तपकिरी आणि बिनशिंगी. चित्रातला निळसर राखी, शिंगवाला नर तिला चुकीचा वाटेल, आणि दोघंही बरोबर असतील. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात. काढलेला महिना आणि पाहिलेला महिना वेगळा असू शकतो. रात्री टॉर्चमध्ये पाहिलेल्या जनावराचा रंग कोणी सांगू नये. आकाराच्या बाबतीत तर दोन्ही पक्ष अविश्वासू. वाघाची लांबी जुने शिकारी दोन तऱ्हांनी मोजत: नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून सरळ, किंवा अंगाच्या वळणावरून फीत फिरवून. दुसऱ्या तऱ्हेने वाघ फुकटात काही इंच वाढतो. कुठली तऱ्हा ते लिहिलेलं नसेल तर आकडा चित्राखालच्या पाटीवर घेऊ नका.

दोन जनावरांपाशी जास्त जपा. जुन्या पुस्तकांत बिबट्याच्या दोन वेगळ्या जाती, एक मोठी 'पँथर' आणि एक छोटी 'लेपर्ड', मानलेल्या आढळतील. जात एकच आहे. आणि 'हंटिंग लेपर्ड' लिहिलेलं असेल तर तो बिबट नव्हे, चित्ता. बारशिंग्याच्या चित्रात खुरांकडे पाहा. तराईतल्या दलदलीतल्या बारशिंग्याचे खूर फाकलेले, कान्हाच्या कडक माळावरच्याचे घट्ट. ही कान्हाची उपजात शास्त्रात वेगळी ठरली ती १९४३ साली, म्हणून १८८४ च्या चित्राखाली हा फरक लिहिलेला सापडणार नाही. १९७० च्या सुमारास कान्हात हे प्राणी ६६ वर आले होते. पाटीवर ही ओळ यायला हवी.

जिथे साक्षीदार मिळत नाही तिथे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय कामी येतं. हा अजब बंगला १८६३ पासून आहे आणि तिथे पेंढा भरलेली जनावरं आहेत. मुलांना न्याच, पण पेंढा भरलेलं जनावरही एका माणसाने कातड्यावरून केलेली कल्पनाच असते, हे आधी सांगून न्या.

भिंतीवर

ए-फोर कागदावर स्वच्छ रेषा हवी तर प्रतिमा निदान २४८० बाय ३५०८ पिक्सेलची पाहिजे. ए-थ्रीसाठी ३५०८ बाय ४९६१. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेली फाइल झेरॉक्सवाल्याकडे नेऊ नका, बारीक रेषांचा चिखल होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छपाई लेझरवरच करा. इंकजेटची शाई पावसाळ्यात पसरते. लॅमिनेशन चकाकतं आणि नेमकी कोरणीची रेष दिसेनाशी होते, त्यापेक्षा साधी काच किंवा काहीच नको.

पाटी लहान ठेवा: जनावराचं इथलं नाव, आजचं शास्त्रीय नाव, पुस्तक आणि साल, रेखाटणारा-कोरणारा, ठशाचा प्रकार, काढणाऱ्यासमोर काय होतं, आणि शेवटी गावाने दाखवलेल्या चुका. साक्षीदाराचं नाव त्याला विचारूनच घाला. जंगलात कशाला गेला होता असा प्रश्न उद्या कोणी त्याला विचारू शकतं.

कायद्याचं थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. स्टर्नडेल १९०२ साली गेला, त्याच्या चित्रांना कोणाची परवानगी लागत नाही. प्रदर्शन सजवायला मात्र चितळ-सांबराची शिंगं, साळिंदराचे काटे, कातडं असलं काही मांडू नका. जंगलात गळून पडलेलं शिंगसुद्धा उचलून आणलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली अंगाशी येतं. आणि कोणी 'अस्सल जुनं पान' विकायला आणलं तर कुठल्या पुस्तकातून फाडलं, हे आधी विचारा. एकेक पान सुटं विकण्यासाठी चांगले ग्रंथ उसवले जातात. त्या धंद्याला शाळेने हातभार लावू नये.

एक ठसा स्वतः

वेळ असेल तर मुलांकडून एक चित्र कोरून घ्या. लिनोचा तुकडा आणि व्ही आकाराची कोरणी नागपुरात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळते. जनावर अस्वलच घ्या. काळं अंग तसंच ठेवून फक्त केस, फिकट तोंड आणि छातीवरचा पांढरा पट्टा कोरायचा, म्हणजे ब्यूइकची पांढरी रेष आपोआप शिकली जाते. चित्र बटर पेपरवर काढून कागद पालथा घालून लिनोवर उतरवा, तर छाप सुलटा येईल. लिनो उन्हात दहा मिनिटं ठेवला की मऊ होतो. कोरणी नेहमी अंगापासून लांब जाणारी, आणि दुसरा हात तिच्या मागे, पुढे कधीही नाही. हे पहिल्या दिवशी तीनदा सांगा.

रोलरने छपाईची शाई पातळ लावा, शाई पसरताना चिकट आवाज आला की पुरे. वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. छापाखाली पेन्सिलने डावीकडे रेखाटणाऱ्या मुलाचं नाव लिहा, उजवीकडे कोरणाऱ्याचं, आणि मधोमध, त्याची ना नसेल तर, ज्याने अस्वलाच्या चुका दाखवल्या त्याचं.